वाऱ्यावर गेलेला रंग

सुरतेत राहणाऱ्यास रंगाचे नवल ते काय असावे? पांडेसऱ्याच्या गिरण्यांतून रोज रंगविलेल्या कापडाचे तागे बाहेर पडतात, रिंग रोडवरील बाजारात साड्यांचे ढीग लागतात, आणि सायंकाळी कामावरून परतणाऱ्या शेजाऱ्यांच्या नखांत दिवसभराचा लाल-निळा रंग उरलेला असतो. अशा नगरीत वाढलेल्या आम्हां दोघा भावांस वाटे की, रंगाविषयी शिकण्यासारखे आता आपणांस काही उरलेले नाही. हा गर्व गेल्या दिवाळीपूर्वी अवघ्या पाऊण तासात उतरला. त्याचीच ही हकीकत.

आमचे बिऱ्हाड डिंडोलीत आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे या भागात नांदतात; आमचे त्यांतीलच एक. वडील रंगाईच्या गिरणीत आहेत, आणि मामा लोखंडी कपाटांना यंत्राने रंग देण्याचे काम करतात. दिवाळीच्या आठवडाभर आधी मामांनी आपला काँप्रेसर आणि रंगाची गन आमच्या घरी ठेवली व जाताना बजावले, "पोरांनो, याला हात लावायचा नाही." परंतु घरच्या खिडकीची जाळी गंजलेली होती, पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा समोर होता, आणि आईला चकित करण्याची हौस अनावर होती. आई बाजारात जाताच आम्ही यंत्र सुरू केले.

जाळी सुरेख रंगली. मात्र दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, हे आमच्या ध्यानी राहिले नाही. गनमधून निघणारा रंग म्हणजे बारीक थेंबांचे धुकेच; त्यांतील सगळेच थेंब जाळीवर बसत नाहीत. जे चुकतात ते वाऱ्याबरोबर जातात आणि वाटेत अर्धवट सुकून मिळेल त्या वस्तूस चिकटतात. दहा-बारा हातांवर शेजारच्या काकांची व्हॅन उभी होती. शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी त्यांनी ती कर्ज काढून घेतली होती, आणि दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तिच्यावर वाळत होता. व्हॅनचे अंग पांढरे, म्हणून त्यावर काही दिसेना; पण पुढच्या काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरवर आणि आरशाच्या काळ्या टोपणावर जणू पीठ चाळले होते!

आम्ही घाबरलो. अंधार पडताच मामांच्या डब्यातील थिनर फडक्यावर घेऊन आरशाचे टोपण घासू लागलो. रंग निघाला खरा, परंतु त्याबरोबर प्लॅस्टिकही चिकट झाले. फडके उचलून पाहतो तो त्याची वीण टोपणावर उमटलेली, आणि भोवती पांढुरका डाग. आम्ही तसेच घरात पळालो व अंगावर पांघरूण ओढले.

यानंतरचे चार दिवस आम्ही कोणाशी धड बोललो नाही. काकांचा संशय भलत्याच माणसावर गेला. पलीकडच्या गल्लीत एक तरुण घर रंगवीत होता. "याच्याशिवाय दुसरं कोण?" असे म्हणून काकांनी घरमालकाला गाठले, आणि व्हॅनचा खर्च त्याच्या मजुरीतून कापण्याचे ठरू लागले. तो तरुण पुनःपुन्हा सांगे की, आपण ब्रशाने रंग देतो, आपल्याजवळ गनच नाही. पण त्याचे ऐकतो कोण? दिवाळीच्या तोंडावर परक्याच्या घामाचे पैसे आमच्यामुळे बुडणार, हे मात्र आम्हांस सोसवेना. चौथ्या रात्री आम्ही प्रथम मामांना व नंतर काकांना सारे सांगून टाकले.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग चपला पायात सरकवून ते आधी त्या तरुणाकडे गेले. त्यांनी त्याची क्षमा मागितली, आणि त्यांच्या मागे उभे राहून आम्हीही मागितली. त्या क्षणी वाटलेली लाज अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. त्यांनी आम्हांस मारले नाही. हातमोजे दिले आणि कामाला लावले. प्रथम बंपर साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवायला सांगितला, कारण धुळीसकट घासले म्हणजे ओरखडे पडतात. मग बंपरच्या आतल्या बाजूस साच्यातच उमटलेली 'पीपी' ही अक्षरे दाखविली. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली याचे घट्ट, स्फटिकमय रूप सिद्ध केले, आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना व जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांना मिळून लाभले, ही माहिती आम्हांस पुढे वाचनात मिळाली. या प्लॅस्टिकवर रंग सहसा धरत नाही; म्हणूनच असा बंपर मुद्दाम रंगवायचा असल्यास आधी त्यावर निराळे अस्तर द्यावे लागते. रंग न धरण्याचा हा गुण आता आमच्या कामी आला.

आरशाचे टोपण मात्र एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकचे होते. ते थिनरमध्ये विरघळते. दिव्याची काच म्हणून जी दिसते तीही बहुधा काच नसून पॉलिकार्बोनेट असते, आणि थिनरने तिला तडे जातात. "दिसायला दोन्ही काळी," मामा म्हणाले, "पण जात वेगळी. आधी ओळखावं, मग हात लावावा."

त्यांनी थिनरचा डबा दूर ठेवून मिनरल टर्पेंटाइन घेतले, आणि तेही आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून पाहिले. प्लॅस्टिकला काही होत नाही अशी खात्री पटल्यावर ओलसर फडके एकेका वीतभर जागेवर अर्धा मिनिट धरायचे, जुन्या दात घासायच्या ब्रशाने हलके गोल गोल घासायचे, फडक्याच्या कोऱ्या बाजूने टिपायचे आणि लगेच साबणाने धुवायचे, असा क्रम चालला. टर्पेंटाइन फार वेळ राहू द्यायचे नाही; तसे केल्यास हे प्लॅस्टिकही थोडे फुगते. बंपरचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने रंग बारीक खळग्यांत जाऊन बसला होता. तेथे पाते चालवले तर उंचवटे झिजून चकाकतात, म्हणून हट्टी ठिपके बांबूच्या काडीने एकेक करून काढले. हे सर्व उघड्या हवेत झाले. दिवाळीचे दिवस असल्याने फटाके आणि पणत्या दूर ठेवण्यावर मामांचा कटाक्ष होता.

सकाळी आठला बसलेले आम्ही दुपारी तीनला उठलो. मामा म्हणाले, "त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, तर अर्ध्या तासात झालं असतं." यामागे शास्त्र आहे. ऑइलपेंटमधील द्रव प्रथम उडून जातो. पण रंगाचे खरे कठीण होणे पुढे अनेक दिवस चालते. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचे कण एकमेकांशी जखडले जातात. आम्ही गप्प बसलेले चार दिवस रंगाने वाया घालवले नव्हते!

सायंकाळी वडिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गिरणीत पॉलिएस्टरचे कापड सुमारे १३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात, दाबाखाली रंगवितात. तेव्हा रंग धाग्याच्या आत शिरतो आणि मग धुऊन जात नाही. बंपरवरचा रंग नुसता वर बसला होता, म्हणून सुटला.

बंपर पूर्ववत काळा झाला. आरशाच्या टोपणावरील फडक्याची वीण मात्र गेली नाही. शेंगदाण्याचे तेल लावल्याने दोन दिवस ती झाकली, पण तेलावर धूळ बसून डाग अधिकच उठून दिसू लागला. साठवलेल्या पैशांतून नवे टोपण आणून देतो, असे आम्ही काकांना म्हटले. त्यांनी आरशात डोकावून पाहिले आणि म्हणाले, "मागचं नीट दिसतंय ना? मग राहू द्या. ते पैसे त्या पोराच्या दोन दिवसांच्या खाड्याचे द्या. वादापायी त्याचं काम बंद होतं."

आम्ही ते नेऊन दिले. पाडव्याला तो तरुण फराळाला आमच्या घरी आला. खिडकीची जाळी पाहून त्याने मान डोलावली, आणि खालच्या कोपऱ्यात रंगाचा ओघळ आला आहे, तेवढे हसत दाखवून दिले.

काकांची व्हॅन आजही रोज सकाळी मुलांना घेऊन आमच्या दारावरून जाते. डाव्या आरशाच्या टोपणावर एक पांढुरका चौकोन आहे. बालमित्रांनो, तो कशाचा म्हणून कोणी विचारल्यास आम्ही आता लगेच सांगतो. चार दिवस थांबत नाही.