दोन्ही गावांत राहणारं टेबल

त्याचा पत्ता विचारला तर ते दोन पत्ते सांगतं आणि दोन्ही खरे असतात. मुंबईत ‘एपी-साउथ-१’, हैदराबादेत ‘एपी-साउथ-२’. नाव तेच, नोंद ओळखायची ‘की’ तीच, नोंदी त्याच. मुंबईतलं मूळ आणि हैदराबादेतलं नक्कल असा भेद ते मानत नाही; दोन्हीकडे वाचता येतं आणि दोन्हीकडे लिहिताही येतं. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमधलं हे ‘ग्लोबल टेबल’. बँकेचं अ‍ॅप, खेळातला स्कोअर, ऑनलाइन दुकानातली ऑर्डर अशा कितीतरी गोष्टींच्या मागे ते काम करत असतं. आपल्याला त्याचं तोंड कधी दिसत नाही, पण त्याच्या स्वभावाचे परिणाम मात्र रोज आपल्या वाट्याला येत असतात.

घराणं नावाजलेलं आहे. २००७ साली अ‍ॅमेझॉनमधल्या नऊ जणांनी ‘डायनॅमो’ नावाच्या साठवणव्यवस्थेवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात वर्नर व्होगेल्स होते, स्वामीनाथन शिवसुब्रमण्यन होते, अविनाश लक्ष्मणही होते. त्या पूर्वजाचा एकच हट्ट होता: गिऱ्हाइकाने टोपलीत वस्तू टाकली की ती घ्यायचीच, मागे कितीही यंत्रं बंद पडलेली असोत. एका टोपलीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या तयार झाल्या तर तो दोन्ही जपून ठेवी आणि निवाडा प्रोग्रामवर सोपवी. त्यामुळे काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत पुन्हा दिसे, पण घातलेली हरवत नसे. २०१२ च्या जानेवारीत डायनॅमोडीबी आलं आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लोबल टेबल. वंशजाने हट्ट तोच ठेवला, निवाड्याची रीत मात्र बदलली. हे टेबल दोन आवृत्त्या जपत नाही. शेवटची नोंद राहते, आधीची जाते.

ही रीत का आली हे त्याच्या ‘हो’ म्हणण्याच्या पद्धतीत दिसतं. मुंबईत एखादी नोंद लिहिली की त्या रीजनच्या, म्हणजे त्या गावातल्या डेटा सेंटरांच्या समूहाच्या, आतच, एकमेकांपासून अंतर राखून बांधलेल्या केंद्रांमध्ये, तिच्या प्रती ठेवल्या जातात. तीनपैकी दोन ठिकाणी ती पक्की झाली की टेबल लगेच ‘हो, लिहिलं’ म्हणतं. हैदराबादेला ते त्यानंतर कळवतं. आधी विचारून मग ‘हो’ म्हणायचं ठरवलं असतं, तर प्रत्येक नोंदीला जाण्यायेण्याचा वेळ मोजावा लागला असता. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. हैदराबाद सरळ रेषेत सहाशेच्या वर किलोमीटर, म्हणजे काही मिलिसेकंदांचं काम. पण जोडीदार अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असेल तर अंतर तेरा हजारांच्या आसपास जातं आणि एका फेरीत सव्वाशे मिलिसेकंद तर नुसता प्रकाशच खातो. हे कोणत्याही कंपनीला पैसे टाकून कमी करता येणार नाही. म्हणून टेबल वाट पाहत नाही. बातमी सहसा एका सेकंदाच्या आत दुसरीकडे पोचते.

तो एक सेकंद मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला तो जाणवतही नाही, पण तेवढ्यात एका गर्दीच्या टेबलावर हजारो नोंदी पडून जातात. समजा, एका ग्राहकाचा फोन नंबर मुंबईत बदलला आणि त्याच क्षणी हैदराबादेत त्याचा पत्ता बदलला. दोन वेगवेगळ्या गोष्टी, दोन्ही बरोबर. कोणालाही वाटेल की दोन्ही बदल एकत्र येतील. तसं होत नाही. निवाडा अख्ख्या नोंदीचा होतो, तिच्यातल्या एकेका भागाचा नव्हे. ज्या नोंदीची वेळ नंतरची ती दोन्ही गावांत राहते. दुसरी सबंध नाहीशी होते. बदल करणाऱ्या दोघांनाही ‘हो, लिहिलं’ असंच उत्तर मिळालेलं असतं आणि नंतर कोणाला काही कळवलं जात नाही. मोजणीचंही तसंच. शिल्लक शंभर असताना मुंबईत पन्नास जमा झाले आणि हैदराबादेत वीस, तर दोन्हीकडचा हिशेब आपापल्या जागी चोख असतो, आणि बातम्या पोचल्यावर एकशेसत्तर कुठेच नसतात. ‘कूपन वापरलेलं नसेल तरच द्या’ अशी अट घालून लिहिलं तरी ती अट त्या गावातल्या प्रतीवरच तपासली जाते. एकच कूपन दोन गावांत दोघांना मिळू शकतं.

यात टेबलाचा खोटेपणा नाही. त्याने जे कबूल केलंय ते सगळं कागदोपत्री आहे. दुःख याचं होतं, की ‘दोन्हीकडे लिहिता येतं’ एवढंच वाक्य ऐकून लोक ते कामाला लावतात आणि बाकीचं वाचत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: जिथे पैसा आहे, जागांची संख्या मोजकी आहे, औषधाचा डोस आहे, तिथे प्रत्येक नोंदीला एक होम रीजन ठरवून द्यावं. लिहायचं ते तिथेच, वाचायचं कुठेही, आणि दुसऱ्या गावात लिहायची वेळ यावी ती पहिलं गाव बंद पडल्यावरच. यात हैदराबादच्या काही ग्राहकांचे थोडे मिलिसेकंद जास्त जातील. जाऊ द्यावेत.

त्याचा आणखी एक गुण धोक्याचा आहे, तो म्हणजे आज्ञाधारकपणा. मुंबईत कोणी चुकीची स्क्रिप्ट चालवून दहा हजार नोंदी पुसल्या, तर तेवढ्याच तत्परतेने त्या हैदराबादेतही पुसल्या जातात. दोन गावांत प्रत आहे म्हणून बॅकअप नको, असं म्हणणाऱ्या टीमने हे एकदा शांतपणे वाचावं. मागच्या पस्तीस दिवसांतल्या कोणत्याही क्षणाचं टेबल परत मिळवण्याची सोय वेगळी आहे आणि ती वेगळी चालू करावी लागते.

आणि तरीही त्याच्यावर माझा जीव आहे तो २० ऑक्टोबर २०२५ सारख्या दिवसांमुळे. दिवाळीचे दिवस होते. आपल्याकडे दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबीचा डीएनएसमधला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीतला, पत्ताच कोरा झाला. पत्ते अद्ययावत ठेवणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामच्या दोन प्रती एकमेकींच्या आड आल्या आणि नोंद रिकामी राहिली. आतली टेबलं शाबूत होती, त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट नव्हती. जवळजवळ तीन तास असे गेले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या इतर सेवांचा गोंधळ आणखी कितीतरी वेळ निस्तरत होता. ज्यांचं टेबल फक्त व्हर्जिनियात होतं ते अडकले. ज्यांच्या ग्लोबल टेबलाची प्रत दुसऱ्या रीजनमध्ये होती त्यांना तिथे वाचता आलं, लिहिता आलं. व्हर्जिनियाकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या बातम्या मात्र बराच काळ रखडल्या.

अर्थात, टेबल दुसऱ्या गावात तयार उभं असलं तरी लोकांना तिकडे वळवणं त्याच्या हातात नसतं. अ‍ॅपमध्ये एकाच रीजनचा पत्ता पक्का लिहून ठेवला असेल, तर हैदराबादेतली प्रत कितीही ताजी असून उपयोग काय? ही वळवावळवी आधी करून बघावी लागते, भर दुपारी, खऱ्या गर्दीत.

आपल्याकडे ही मुंबई-हैदराबाद जोडी तशी उशिरा जमली. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची. मुंबईचं रीजन २०१६ पासून होतं, पण अ‍ॅमेझॉनचं देशातलं दुसरं रीजन हैदराबादेत सुरू झालं ते २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. मधली वर्षं अशा टेबलांना देशात जायला दुसरं गावच नव्हतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना दुसरं गाव कशाला हवं हे सांगावं लागणार नाही.

२०२५ च्या जूनपासून या टेबलाची एक सावकाश ‘हो’ म्हणणारी तऱ्हाही मिळते. दुसऱ्या एका रीजनमध्ये नोंद पक्की झाल्याशिवाय ती ‘लिहिलं’ म्हणत नाही आणि वाचताना तसं मागितलं तर कुठल्याही गावात ताजंच दाखवते. तिला बरोबर तीन रीजन लागतात. त्यातलं एक नुसतं साक्षीदार असलं तरी चालतं. सुरुवातीला ती अमेरिकेत, युरोपात आणि आशियात टोकियो, ओसाका, सोल या तिघांत आली. मुंबई-हैदराबादला देशातच तिसरा सोबती मिळाला आणि ही तऱ्हा इथे आली, तर पैशांच्या नोंदींसाठी मी ती आनंदाने घेईन. पन्नास मिलिसेकंद जास्त गेले तरी चालतील, पण मुंबईत आत्ता जमा झालेली रक्कम हैदराबादेत खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसलीच पाहिजे.