पुण्याची एक दिवसाची तालीमी सफर

पृथ्वीवर फिरा आणि पाहा, असे कुरआनात अनेक ठिकाणी सांगितले आहे. आपल्या भोर-वेल्ह्याकडे मात्र चित्र थोडे उलटे आहे. राजगड-तोरणा चढायला आणि भाटघर धरणाचे पाणी पाहायला लोक लांबून आपल्याकडे येतात. आपण पुण्याला जातो ते दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे शहर आपल्या मुलांना बहुधा स्वारगेट स्टँडपुरतेच ठाऊक असते.

यंदा दहावीच्या निकालानंतर आम्ही एक अख्खा दिवस पुण्यासाठी काढला. निमित्त होते माझ्या वेल्ह्याच्या भाचीचे. ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि पुढे पुण्यात शिकायचे म्हणू लागली. भाईजानचा तालिमीला विरोध नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, "पोरगी राहणार कुठे, आणि त्या शहरात आपले आहे कोण?" प्रश्न बापाचा होता आणि रास्त होता. त्याचे उत्तर घरात बसून मिळणार नव्हते, म्हणून आम्ही त्यांनाही सोबत घेतले.

फजर पढून आम्ही भोरहून निघालो. गाडीत मुलांचे अब्बा, सासूबाई, धाकटा मुलगा आणि मी. कापूरहोळला महामार्गाला लागलो. पुढे नसरापूर फाट्यावर भाईजान, भाभी आणि भाची वाट पाहत उभे होते. खेड शिवापूरला हजरत कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यात फातिहा पढली, कात्रजचा बोगदा ओलांडला आणि शहर सुरू झाले. वाटेत मुलाने विचारले, "आज नमाज कसर पढायची का?" त्याच्या अब्बांनी समजावले, कसरसाठी साधारण ४८ मैलांचा, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरचा सफर लागतो. पुणे त्याच्या आतच आहे, तेव्हा नमाज पूर्ण अदा करायची. "म्हणजे पुणे परदेस नाहीच," सासूबाई म्हणाल्या. भाईजान गालातल्या गालात हसले.

गाडी स्वारगेटजवळ लावली आणि मेट्रोत बसलो. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. जुन्या पेठांत गाडी घालण्यापेक्षा कुटुंबाला हेच सोयीचे. पुढचेच स्थानक मंडई. तिथून रिक्षाने गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात गेलो.

वाडा साधा आहे. कौलारू छप्पर, लाकडी खांब, अंगण. आवारात तो हौद आहे, जो जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. मी मुलांना तिथे दोन गोष्टी सांगितल्या. पहिली फातिमा शेख यांची. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे सांगितले जाते. फातिमा त्यांच्याच घरातल्या. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात, की आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. पत्रात तिच्याविषयी एवढेच आहे, पण ती कशी बाई असेल ते त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. लहान जोतीबाची शाळा वडिलांनी बंद केली होती आणि त्याला शेतीकामाला लावले होते. पोराची हुशारी शेजारच्या दोघांनी हेरली. एक लिजिट साहेब आणि दुसरे गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ च्या सुमारास जोतीबा पुन्हा शाळेत गेला. मी स्वतः उर्दू शिकवते, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. मुन्शीजींनी शाळा काढली नाही की पैसा दिला नाही. शेजारच्या बापाशी दोन शब्द बोलले. पुढे त्याच मुलाने मुलींची शाळा काढली.

भाईजान हौदाकाठी उभे राहून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

तिथून बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा पाहिली. १८४८ मध्ये फुले दांपत्याची मुलींची पहिली शाळा इथे भरली. जुनी इमारत पडायला आली होती. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवण्यात आली. समोर दगडूशेठ गणपतीची गर्दी असते, त्यामुळे ही जागा नजरेतून सुटते. मुलांना मुद्दाम दाखवावी लागते.

पुन्हा मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलली आणि कल्याणीनगरला उतरलो. आगाखान पॅलेस तिथून जवळ आहे. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी तो १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात होरपळलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे, हा हेतू होता. १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबांना इथेच नजरकैदेत ठेवले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा इथेच वारल्या. त्यांची आणि महादेवभाई देसाईंची समाधी आवारात आहे. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी हा महाल देशाला भेट दिला. झाडांच्या सावलीत डबे सोडले. भाकरी, सुके मटण आणि कांदा. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही विसावा मिळाला.

जोहरच्या वेळेला कॅम्पात पोहोचलो. पुरुष मशिदीत गेले, आम्ही बायकांनी एका नातेवाईकांच्या घरी नमाज अदा केली. सफरीला निघताना बायकांच्या वुजू-नमाजची सोय आधी ठरवून ठेवावी, म्हणजे कजा होत नाही.

मग आझम कॅम्पस. बालवाडीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत सगळे एका आवारात. अँग्लो उर्दू शाळा आहे, मुलींचे आबेदा इनामदार महाविद्यालय आहे. फाटकातून मुलींचे घोळके आत-बाहेर करत होते. कुणी बुरख्यात, कुणी ओढणीत, हातात फायली. भाची त्यांच्याकडे पाहत राहिली आणि भाईजान तिच्याकडे. मग ते स्वतःच खिडकीशी गेले आणि अर्धा तास चौकशी करून आले. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. अल्पसंख्याक संस्थांत अल्पसंख्याक कोट्याच्या जागा वेगळ्या असतात, त्यासाठी कागदपत्रे आधीच तयार हवीत. राहण्याची सोय नुसत्या ऐकीव माहितीवर ठरवू नये. जागा डोळ्यांनी पाहावी, तिथल्या दोन मुलींशी बोलावे. आम्ही तसेच केले. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, तेव्हा दर शनिवारी घरी येणेही जड नाही.

असर पढून, कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटे घेऊन परत फिरलो. कात्रज चढताना भाईजान एवढेच म्हणाले, "फॉर्म भरू. पुढचे अल्लाह मालिक." हा पूर्ण होकार नव्हता. राहण्याचा प्रश्न, खर्चाचा हिशेब बाकी आहे. पण "त्या शहरात आपले आहे कोण" हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही.

दहावीनंतर आपल्या खेड्यांतल्या कितीतरी मुली घरी बसतात. बहुतेक वेळा कुणी मनाई केलेली नसते. कुणी सोबत घेऊन जाऊन दाखवलेले नसते, एवढेच. या सुट्टीत सहलीचा बेत असेल तर एक दिवस असाही काढा. आपल्या मुलांबरोबर भावाची, शेजाऱ्याची मुलगी न्या, आणि तिच्या अब्बांना गाडीत पुढच्या सीटवर बसवा. मुन्शीजींनी बोललेले दोन शब्द आपल्यालाही बोलता येतील, इन्शाअल्लाह.