जहाजावरून विमानापर्यंत: इटलीतील रेल्वेप्रवासाची दैनंदिनी (अखेरचा भाग)

गुरुवार. चिवितावेक्किया ते रोम

जहाजावरून उतरण्याची प्रक्रिया आदल्या रात्रीच सुरू होते. प्रत्येक खोलीला ठरावीक रंगाच्या चिठ्ठ्या मिळतात, त्या बांधलेल्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि सकाळी आपल्या रंगाची घोषणा झाल्यावर बंदराच्या इमारतीत त्याच रंगाच्या रांगेतून त्या शोधून काढाव्या लागतात. या प्रवासातील नाशिकच्या दांपत्याचे परतीचे विमान मिलानजवळच्या माल्पेन्सा विमानतळावरून असल्याने उरलेला सगळा पल्ला रेल्वेने गाठायचा होता.

चिवितावेक्कियाला रोमचे बंदर म्हणत असले तरी ते रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवरचे स्वतंत्र शहर आहे. सम्राट ट्राजानने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी हे बंदर बांधवले, तर धक्क्यावरील किल्ल्याचे काम पोप दुसऱ्या ज्युलियसच्या काळात, 1508 मध्ये, ब्रामान्ते या वास्तुकाराच्या देखरेखीखाली सुरू झाले, आणि आज तो मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जातो. मात्र सामान ओढणाऱ्याला किल्ल्याकडे मान वर करून पाहण्याइतकीही उसंत मिळत नाही, कारण बंदराच्या बसमधून उतरल्यावर स्थानक गाठायचे असते आणि स्थानकात जिने चढायचे असतात.

प्रादेशिक गाडीच्या, म्हणजे जवळजवळच्या स्थानकांवर थांबणाऱ्या आणि आसन राखून न ठेवणाऱ्या गाडीच्या, कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. रोमकडे जाताना उजव्या हाताला बराच वेळ समुद्र दिसत राहतो, त्यामुळे आसन त्या बाजूचे धरावे. खर्चात दोन तिकिटांचे सुमारे 10 युरो आणि स्वच्छतागृहाचे माणशी 1 युरो मांडले आहेत. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ अखंड वाहत असल्यामुळे पाण्याचा खर्च झाला नाही. बॅगा फार जड आहेत आणि रोमच्या दगडी रस्त्यांवर त्यांची चाके चालत नाहीत.

शुक्रवार. रोम, बोलोन्या, मिलान

रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संपामुळे दुपारची आरक्षित गाडी रद्द झाली आणि तिकिटाचे पैसे परत मिळाले. इटलीत 1990 च्या 146 क्रमांकाच्या कायद्याने अत्यावश्यक सेवांमधील संपाला मर्यादा घातल्या आहेत. त्यानुसार कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि सायंकाळी 6 ते 9 या हमीच्या तासांत प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात आणि लांब पल्ल्याच्या काही गाड्यांची यादी आधीच जाहीर केली जाते. कामगाराचा संपाचा हक्क आणि प्रवाशाचा घरी पोहोचण्याचा हक्क एकाच कायद्यात सांभाळणारी ही तरतूद अभ्यासण्यासारखी आणि अनुकरण करण्यासारखी आहे. त्या यादीतील एका गाडीने दांपत्य बोलोन्याला पोहोचले. फिरेन्झे ते बोलोन्या हा वेगवान मार्ग अपेनाइन पर्वताच्या पोटातून जातो आणि त्याच्या 78 किलोमीटरपैकी सुमारे 73 किलोमीटर बोगदेच आहेत, त्यामुळे खिडकीबाहेर काहीच दिसत नाही.

बोलोन्याच्या स्थानकावरील एक घड्याळ 10 वाजून 25 मिनिटांवर थांबवून ठेवले आहे. 2 ऑगस्ट 1980 रोजी त्याच वेळी प्रतीक्षालयात झालेल्या बॉम्बस्फोटात 85 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील अनेकजण असेच सुटीच्या प्रवासाला निघालेले होते. त्या मृतांची नावे असलेल्या फलकापुढे गाडीच्या विलंबाची तक्रार करण्याचे धैर्य होत नाही.

बोलोन्याहून मिलानकडे निघालेल्या सायंकाळी सहानंतरच्या प्रादेशिक गाडीत समोरच्या आसनावर एक पंजाबी गृहस्थ बसले होते. भावाला विमानतळावर सोडून ते परतत होते, आणि साडी पाहताच ‘बहनजी, इंडिया में कहाँ से?’ असे त्यांनी विचारले. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांमध्ये पंजाबमधून आलेली अनेक माणसे काम करतात आणि रेज्जो एमिलियाजवळच्या नोवेल्लारा गावी त्यांनी उभारलेल्या गुरुद्वाराचे उद्घाटन 2000 मध्ये इटलीचे राजकीय नेते रोमानो प्रोदी यांच्या हस्ते झाले. या गोठ्यांतील दुधापासून होणाऱ्या पार्मिजानो रेज्जानो या चीजसाठी संध्याकाळचे दूध रात्रभर ठेवून वर आलेली साय काढतात, त्यात सकाळचे सायीसकट दूध मिसळतात आणि तांब्याच्या कढईत ते फाडतात. सुमारे 40 किलोच्या एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागते आणि ते किमान 12 महिने मुरवले जाते. चीज रोज करायचे असते, म्हणून संप असो वा सण, गाय दोन वेळा दोहावीच लागते, आणि आज संध्याकाळी आपल्या वाट्याच्या गाई मेहुणा दोहत आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या डब्यातील आलूचे पराठे व लोणचे आणि दांपत्याजवळ उरलेला नाशिकचा चिवडा यांची वाटणी झाली. जहाजावरील मेजवान्यांत न आलेली तृप्ती या जेवणात होती, आणि इटलीची ओळख म्हणून जगभर विकल्या जाणाऱ्या पदार्थामागे आपल्या मुलखातील माणसांचे पहाटेचे कष्ट आहेत ही जाणीव अभिमानाची ठरली. रेज्जो एमिलियाला उतरताना त्यांनी बॅगा वरच्या फळीवर नीट लावून दिल्या.

मिलानला पोहोचायला रात्र झाली.

शनिवार. मिलान

कपडे धुण्याच्या दुकानात 9 युरो, ट्रामला 9 युरो आणि जेवणाला 31 युरो खर्च झाले. 1931 मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती स्थानकाचे लोखंड-काचेचे प्रचंड छत पुन्हा एकदा पाहिले. दोघांचेही पाय सुजले होते, त्यामुळे दुपारी विश्रांती घेतली.

रविवार. माल्पेन्सा

मध्यवर्ती स्थानकावरून विमानतळाची गाडी साधारण 50 मिनिटांत पहिल्या टर्मिनलखालीच पोहोचवते. गाडी वेळेवर आली आणि सामानाचे वजन मर्यादेत भरले.

जहाज बंदराला लागते त्याच दिवशीचे परतीचे विमान घेणे टाळावे, मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा, संपाच्या तारखा आधी जाहीर होत असल्याने त्या निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात, आणि एका हाताने जिना चढवता येईल एवढीच बॅग बरोबर घ्यावी, एवढी विनंती या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना आहे.