रक्त आलं तरच रेड?

रक्त आलं तरच रेड, असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत आहे. तो फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. रोज तापलेलं लोखंड बघणाऱ्याला थोडंथोडकं लागलेलं दिसत नाही. दुसरा रिक्षा चालवतो. त्याचं म्हणणं, आधी बॉलला पाय लागला असंल तर पुढं दात पडू देत नाहीतर नडगी मोडू दे, तो फाऊलच न्हाई. तिसरा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणतो, इंटेन्शन बघायचं. मुद्दाम मारलं का चुकून लागलं, एवढाच प्रश्न. चौथा मी. सूतगिरणीत, रिंग खात्यात. शाळा नववीत सुटली. कविता लिहितो म्हणून हे तिघं मला वकील समजतात आणि वाद तुटला नाही की म्हणतात, "सांग मर्दा, तू तरी सांग."

कोल्हापुरात हा वाद म्हणजे टाइमपास नाही. इथं पेठेगणिक टीम आहे, टीमच्या मागं तालीम आहे, तालमीच्या मागं अख्खी गल्ली आहे. वर्ल्ड कप आला की ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे चौकात समोरासमोर उभे राहतात. शाहू स्टेडियमवर सीझनची मॅच असली आणि रेफ्रीनं खिशाला हात लावला, की निम्मी गॅलरी त्याच्या आईची आठवण काढते. आमच्या वस्तीची टीम नाही. आम्ही तिकीट काढून दुसऱ्याच्या पेठेसाठी घसा फोडतो, आणि मॅच सुटल्यावर चहाच्या गाड्यावर न्यायनिवाडा करतो. गॅलरीत कोण कुठला हे कुणी विचारत नाही. नव्वद मिनिटं तरी.

तर मी कायदा वाचला. फुटबॉलचा. मोबाईलवर फुकट मिळतो, फक्त इंग्रजीत. रात्रपाळी सुटल्यावर डिक्शनरी शेजारी घेऊन ओळ-ओळ लावली. सतरा कलमं आहेत, बारावं फाऊलचं. त्यात तीन पायऱ्या. पहिली केअरलेस, म्हणजे बेसावधपणा. फ्री किक द्यायची, कार्ड नाही. दुसरी रेकलेस. समोरच्याचं काय होईल याची फिकीर नाही. पिवळं. तिसरी एक्सेसिव्ह फोर्स. गरजेपेक्षा जास्त ताकद, समोरच्याच्या जिवाला धोका. लाल, बाहेर. आणखीही लाल आहेत. थुंकणं, चावणं, मारामारी, गोल होणारच असताना हातानं अडवणं. आणि शिवीगाळ, अपमान. त्याच्यावर पुढं येतो.

या तीन पायऱ्यांत रक्त नाही. "आधी बॉलला लागला" ही सूट नाही. आणि दोस्तहो, इंटेन्शनसुद्धा नाही. लाथ, धक्का, टॅकल यांना रेफ्री विचारत नाही की तुझ्या मनात काय होतं. पाय कसा आला, किती उंच आला, किती जोरात आला, एवढंच. मी हे गाड्यावर सांगितलं तर बी. ए.वाला रुसला. त्याच्या कॉलेजात मन फार मोठं आहे.

फाउंड्रीवाल्याला मी दोन मॅची सांगितल्या. पहिली 8 जुलै 1982, सेव्हिल, वर्ल्ड कपची सेमीफायनल. फ्रान्सचा बातिस्तों बॉलमागं एकटा धावतोय, पश्चिम जर्मनीचा गोली शूमाकर पुढं येतो, हवेत उडी घेतो आणि कंबरेचा भाग सरळ त्याच्या तोंडावर. बातिस्तों बेशुद्ध. दात गेले, मणक्याला मार. रेफ्रीनं काय दिलं? काही नाही. कार्ड नाही, फाऊल नाही, गोलकिक. 3-3 झाल्यावर पेनल्टीवर जर्मनी फायनलला गेली. म्हणजे रक्त आलं, आणि कार्ड नाही.

दुसरी 3 नोव्हेंबर 2019, एव्हर्टन आणि टॉटनहॅम. टॉटनहॅमच्या सॉननं मागून पाय घातला, आंद्रे गोमेस पडला, पडताना दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि घोटा असा वळला की बघणाऱ्यांनी तोंडं फिरवली. रेफ्री पिवळं काढत होता, घोटा बघून त्यानं लाल काढलं. सॉन रडत बाहेर गेला. पुढं इंग्लंडच्या फेडरेशननं ते लाल रद्द केलं. कारण त्या पायात तेवढा जोर नव्हता. जखम मोठी होती, फाऊल लहान होता.

"मग घोट्याचं काय?" फाउंड्रीवाला म्हणाला. त्याचा प्रश्न बरोबर आहे. कार्डानं घोटा जुळत नाही.

पण उलटं बघा. 11 जुलै 2010, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपची फायनल. हॉलंडच्या डी योंगनं स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीवर बुटाचा तळ ठेवला. छातीवर! अलोन्सो उठला, पुढं खेळला, स्पेन जिंकला. हॉवर्ड वेबनं पिवळं दिलं. पुढं वेब स्वतःच म्हणाला की मध्ये माणूस आल्यामुळं नीट दिसलं नाही, ते लालच होतं. अलोन्सो वाचला हे त्याचं नशीब, त्यात डी योंगचा काय चांगुलपणा? मला हे कलम यासाठी आवडतं. माणूस मरायची वाट बघत नाही. धोका घातलास, एवढ्यात बाहेर.

आता गिरणीचं सांगतो. आमच्या खात्यात एका साच्याच्या गियरचं झाकण काढून ठेवलं होतं. दर वेळी उघडा, बोल्ट पिळा, वेळ जातो, प्रॉडक्शन पडतं. कुणी काढलं, कुणाच्या सांगण्यावरनं, हे सगळ्या पाळीला माहीत. एका डॉफर पोराची दोन बोटं गेली. चौकशी झाली. चौकशीत पहिलं वाक्य काय? मुद्दाम कुणी केलेलं नाही. दुसरं वाक्य, पोरगा बेसावध होता. बघा, केअरलेस बोटं गेलेला झाला. झाकण काढणाऱ्याला कुठलीच पायरी लागली नाही. आणि त्या आधीचे सहा महिने झाकणाविना साचा चालला, कुणाचं बोट गेलं नाही, तेव्हा तर फाऊलच नव्हता. रक्त आल्याशिवाय फाऊल नाही, आणि रक्त आलं तर मुद्दाम नाही. फाउंड्रीवाला आणि बी. ए.वाला दोघांची मतं आमच्या गिरणीनं एकत्र करून ठेवली आहेत.

रिक्षावाला यावर काही बोलला नाही. त्यानं चहाचे पैसे दिले.

आता ही कार्डं आली कुठनं? 23 जुलै 1966, वेम्बली, इंग्लंड आणि अर्जेंटिना. जर्मन रेफ्री क्राइटलाइननं अर्जेंटिनाचा कॅप्टन रात्तीन याला बाहेर काढलं. रेफ्रीला स्पॅनिश येत नाही, रात्तीनला जर्मन येत नाही. रात्तीन दंडावरची कॅप्टनची पट्टी दाखवून दुभाषा मागत राहिला. मला का काढतोय ते कळू दे. बराच वेळ तो मैदान सोडेना. रेफ्रींचा प्रमुख होता इंग्लंडचा केन ॲस्टन. लंडनच्या रस्त्यावर गाडी सिग्नलला थांबली तेव्हा त्याला सुचलं, पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल. 1970च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून कार्डं खिशात आली. त्या वर्ल्ड कपात एकही लाल निघालं नाही.

अनपढ माणसाला कळेल असा कायदा, मला ही गोष्ट फार भारी वाटली. आमच्या गिरणीत मेमो इंग्रजीत येतो.

वर्ल्ड कपातलं पहिलं लाल निघालं 1974 साली, 14 जूनला, पश्चिम बर्लिनमध्ये. चिलीचा कार्लोस काझेली. जर्मनीचा फोग्ट्स मॅचभर त्याच्या पायात पाय घालत होता, काझेलीनं शेवटी परत दिलं, आणि परत दिलेलं दिसलं. आदल्या सप्टेंबरात त्याच्या देशात पिनोशेनं सैन्याच्या जोरावर सत्ता घेतली होती. सान्तियागोच्या नॅशनल स्टेडियमात माणसं कोंडून मारली, छळली. काझेली उघड आयेंदेच्या बाजूचा. त्याच्या आईला पकडून नेलं, छळ केला. 1988ला पिनोशेला हो म्हणायचं का नाही, असं मतदान झालं, तेव्हा ती बाई टीव्हीवर आली, तिनं स्वतःचं सगळं सांगितलं, आणि शेवटी शेजारी दिसला काझेली. ही माझी आई, म्हणाला. चिलीनं नाही म्हणून मत दिलं. फोग्ट्सला लाथ घातल्याबद्दल कार्ड निघतं. आईला नेणाऱ्यांसाठी रेफ्रीच नसतो.

परत देणारा पकडला जातो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण पुरावा बघा. 21 मे 2023, व्हॅलेन्सियाचं मेस्ताया मैदान. रेआल माद्रिदचा विनिसियस, ब्राझीलचा काळा पोरगा. गॅलरीतनं त्याला माकड म्हणून ओरडताहेत. मॅच थांबवली, पुन्हा सुरू केली. शेवटी धक्काबुक्की झाली. व्हॅलेन्सियाच्या एकानं मागून त्याचा गळा आवळला, त्यानं हात मारला. व्हीएआरनं रेफ्रीला फिल्म दाखवली ती फक्त त्याच्या हाताची. गळा आवळलेला तुकडा दाखवलाच नाही. लाल, बाहेर. माकड म्हणणारे खुर्चीवर, आणि ज्याला म्हटलं तो बाहेर. पुढं फेडरेशनच्या समितीनं ते कार्ड रद्द केलं, रेफ्रीला अर्धंच दाखवलं म्हणून. जून 2024मध्ये त्या गॅलरीतल्या तिघांना आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. पोरानं तोंड बंद ठेवलं नाही म्हणून झाली.

इतके कॅमेरे असून अर्धी फिल्म. आमच्या चौकशा तर कॅमेऱ्याविनाच होतात.

आता शिवीगाळ. कलम म्हणतं, अपमानाच्या शब्दालाही लाल. रिक्षावाला म्हणतो, शब्दानं काय मोडतंय? मी त्याला 8 डिसेंबर 2020ची पॅरिसची मॅच सांगितली. पॅरिस आणि इस्तंबूलची बाशाकशेहिर टीम. पंच रुमानियाचे. इस्तंबूलच्या बाकावरचा असिस्टंट कोच पिएर वेबो, मूळचा कॅमेरूनचा, काहीतरी ओरडला. चौथ्या पंचानं मेन रेफ्रीला सांगितलं, त्याला कार्ड दे. कुणाला? तर तो, काळा. रुमानियन भाषेत काळ्याला जो शब्द आहे तो वापरला. वेबोनं जाब विचारला. वेबोला लाल. तेव्हा बाकावरचा डेम्बा बा उठला आणि त्यानं पंचाला विचारलं की गोऱ्याला दाखवताना तू "तो गोरा" म्हणतोस का? मग काळ्याला का? उत्तर आलं नाही. इस्तंबूलची टीम मैदान सोडून गेली, पॅरिसची तिच्या पाठोपाठ. दुसऱ्या दिवशी दुसरे पंच आणून मॅच पुरी केली, दोन्ही टीमा आधी गुडघ्यावर बसल्या. वेबोचं कार्डही थांबवलं. चौकशीत वंशद्वेष ठरला नाही. वागणं बरोबर नव्हतं म्हणून मोसम संपेपर्यंत त्या पंचाला बाजूला ठेवलं. मुद्दाम नव्हतं ना.

"पण त्यानं शिवी कुठं दिली?" रिक्षावाला म्हणाला. "काळ्याला काळा म्हणाला."

दिली नाही. हेच तर सांगतोय भावा. मागच्या पावसाळ्यात मास्तर खात्यात आला. साच्यावर आम्ही चौघं. मास्तरनं जॉबरला विचारलं, तार तुटलेली ठेवणारा कोण? जॉबरनं बोट केलं आणि म्हणाला, "तो. त्यांच्यातला." चौघांना नावं आहेत, नंबर आहेत, अंगावर एकाच रंगाचा शर्ट आहे. जॉबर रोज माझ्याकडनं तंबाखू घेतो, माझं नाव त्याला पाठ आहे. "त्यांच्यातला" या शब्दात कुठल्या कोर्टाला शिवी सापडणार? मास्तरला मात्र एका क्षणात कळलं कोण ते. त्यानं चौघांतनं बरोबर माझ्याकडं बघितलं. मी साचा थांबवला नाही, हात उचलला नाही. फक्त मोठ्यानं म्हणालो, "नाव आहे मला. नावानं दाखव." रिंग खात्यात एवढा आवाज असतो की माणूस एरवीही ओरडूनच बोलतो.

मेमो आला. इंग्रजीत. उद्धट वर्तन, चोवीस तासांत खुलासा करावा.

फाउंड्रीवाला म्हणाला, सोड, पिवळंच हाय. बी. ए.वाला म्हणाला, माफी लिही, तुझं इंटेन्शन वाईट नव्हतं असं लिही. मी खुलासा मराठीत लिहिला, पाऊण पान. त्यात चौघांची नावं लिहिली, जॉबरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, आणि उरलेल्या तिघांना दाखवताना जॉबर काय म्हणतो ते त्यांना विचारावं, असं लिहिलं. ऑफिसातल्या क्लार्कनं दोनदा वाचलं आणि पोच दिली.

तिघांना अजून कुणी विचारलेलं नाही. जॉबरनं मात्र परवा मला नावानं हाक मारली. आडनावासकट. आडनावावर जरा जास्तच जोर देऊन, शेजारच्या साच्यापर्यंत जाईल असा.