आमचा वाडा आणि माझं सिव्हिल

नारायण पेठेतला आमचा वाडा १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातही उभा राहिला. त्याला खरा धोका माझ्यामुळे झाला!

पहिल्या वर्षाला असताना भिंतीला ओल आली. मी ऐटीत सांगितलं, "काका, सिमेंटचं प्लास्टर मारून टाका." दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले, आतली माती भुसभुशीत झाली, कडीपाटाच्या तुळईचं टोक कुजलं. जुनी वीट आणि चुना ओल शोषून घेतात आणि परत बाहेर सोडतात. सिमेंटने ती आतच कोंडली.

बिल्डर म्हणाला, पाडा, फ्लॅट घ्या. काकांचा हिशेबही चूक नव्हता. भाडेकरूंकडून महिन्याला ऐंशी रुपये येतात, त्यात दुरुस्ती कशी भागणार? आजी एवढंच म्हणाली, "आधी तुझी चूक निस्तर, मग काय ते ठरवा."

दिवाळीच्या सुट्टीत सिमेंट खरवडलं, तुळईला सागवानी जोड दिला. म्हातारे गवंडीकाका चुना मळायचे, मी घमेली उचलायचो. भिंत आता सुकतेय. करारावर काकांची सही अजून झालेली नाही.

तर मित्रहो, जुन्या घराला सल्ला देण्याआधी ते कशाचं बांधलंय, एवढं तरी विचारा!