पाळीआधीच्या कळा

हा विषय चारचौघांत काढायचा नाही असे आपल्याला लहानपणापासून शिकवले. कावळा शिवला, अडचण आली, बाहेरची झाली, अशी नावे पुष्कळ. पण त्या दिवसांत दुखते किती, हे विचारणारे घरात कोणी नसते. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी काही कमी सोसलेले नाही. लग्न होऊन आले तेव्हा खुरपणीच्या दिवसांत पाळीच्या आदल्या दिवसापासून ओटीपोटात अशा कळा यायच्या की खुरपे हातातून सुटायचे. मांड्या भरून यायच्या, मळमळायचे. सासूबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे असायचंच. पहिलं बाळंतपण झालं की थांबेल." माझे बरेचसे थांबलेही. धाकट्या जावेचे थांबले नाही.

ती आणि भाऊजी सहा महिने ऊसतोडीला जात. दुखते म्हणून कोपीत पडून राहिली की खाडा धरला जायचा, आणि तो खाडा उचलीच्या हिशेबात चढायचा. दोन मुले झाल्यावर एका डॉक्टरने सांगितले, "पिशवी खराब आहे, काढून टाका, कटकट संपेल." तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. उचल घेऊन ऑपरेशन झाले. दुसऱ्या डॉक्टरला विचारावे असे घरात कोणाला सुचले नाही, मलाही नाही. पाळी गेली, पण तिशीच्या आतच अंगाची आग, रात्रभर झोप नाही, हाडे दुखणे सुरू झाले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती, हे पुढे कागद दाखवल्यावर कळले. ती एकटी नव्हे. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

गेल्या वर्षी माझी मुलगी दहावीला होती. तिलाही तेच सुरू झाले. दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडायची. या वेळी मात्र मी तिला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट वरूनच दाबून पाहिले, पाच-सात प्रश्न विचारले आणि मला समजावून सांगितले. पाळीच्या सुमारास पिशवीच्या आतल्या अस्तरात एक द्रव्य तयार होते. प्रोस्टाग्लँडिन त्याचे नाव, ते लक्षात राहिले नाही तरी चालेल. त्याने पिशवी आवळते, त्याच या कळा. ते जास्त झाले की उलटी, जुलाबही होतात. म्हणजे पोरगी नाटक करत नव्हती, आणि तिची पिशवीही खराब नव्हती.

त्यांनी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी लिहून दिली. ती हे द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून कळा जोरात येण्याची वाट न बघता दुखू लागताच घ्यायची, नेहमी पोटभर खाऊन, आणि दोन-तीन दिवसच. ज्यांना पित्ताचा, पोटात व्रणाचा, दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. दुकानदाराच्या सांगण्यावरून तर नाहीच.

आणि शेक! आपल्या आजीबाईंचा हा उपाय खराच निघाला. तव्यावर खडेमीठ भाजून जाड फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि ओटीपोटावर ठेवावी. आधी मनगटाला लावून बघावी, कातडी भाजता कामा नये. आल्याचा गरम चहा द्यावा. दुखणे सोसवत असेल तर थोडे चालावे, निजूनच राहू नये. ओव्याने वारा सरतो, पण या कळांसाठी त्याच्यावर फार विसंबू नका.

बाईंनी कोणते प्रश्न विचारले तेही सांगते. दुखणे दर महिन्याला वाढतच जाते का? पाळी नसतानाही दुखते का? शौचाला बसताना कळ येते का? तासातासाला कपडा बदलावा लागतो का? अंगावरून घाण वासाचे पाणी जाते का, ताप येतो का? यांतले एकही "हो" असेल, किंवा गोळीने उतार पडत नसेल, तर तपासणी हवीच. लग्न झालेल्या बाईची पाळी चुकली आणि एका बाजूला जोराची कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पण पिशवी काढा असे कोणी म्हणाले, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवा.

मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला फुली मारायची सवय लावून घेतली आहे. परवा फुलीच्या आदल्या दिवशी मी शेतातून उशिरा आले, तर चुलीपुढे धाकटी जाऊ मीठ भाजत बसली होती. मला बघून म्हणाली, "आक्का, तिनं भाकरी खाल्लीय. गोळी दिली मी."