धुळेरच्या मैदानावर

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही शिवोलीच्या संघासमवेत बसने म्हापशाच्या धुळेर मैदानावर गेलो. गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ साली, तेही शिवोलीतच! तेव्हा आमचा पक्षपात वाचकांनी क्षम्य मानावा. संघ खालच्या विभागातला. हरल्यास आणखी एक पायरी खाली. प्रेक्षक जेमतेम, त्यांतही खेळाडूंच्या आयाच अधिक. खारे दाणे खात, घसा बसेतो आम्ही ओरडलो. अखेरच्या क्षणी आमच्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू जाळ्यात गेला. परतताना तो पोरगा खिडकीशी मान खाली घालून बसला होता. कोणी बोलेना. शापोऱ्याचे पाणी दिसू लागले, तेव्हा गोलरक्षकाने उरलेल्या दाण्यांची पुडी मुकाट्याने त्याच्यापुढे धरली.